ठक कोणत्या बाजूचा?

गाडीचा आवाज कुठून येऊन राहिला ते सांगणं, हे माझं काम. इंजिनचा आवाज नाही, खालचा. चाक आणि बॉडी यांच्या मधात जे सगळं असते, ज्याले लोक सस्पेन्शन म्हणतात, त्याचा. भिलाईत सुपेल्याकडं माझं टिनाचं गॅरेज आहे. इंजिन, वायरिंग, एसी मी करत नाही. कोणी म्हटलं, "बाबूजी, जरा ऑइल भी बदल दो," तर मी म्हणतो, पलीकडं जा.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या बाई म्हणे, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, बाई, माझी शाळा सातवीतच सुटली, आणि यंदा डोकं ठिकाणावर नाही. त्या म्हणे, जसं डोकं आहे तसं लिहा. तर तसंच लिहून राहिलो. माझी बायको शेवंता होळीच्या आधी गेली. त्यानंतर मले आवाज सापडेनासे झाले. हात तेच, पाने तेच, रस्ता तोच, पण गाडी दुरुस्त करून दिली की परत येऊ लागली. कावून असं झालं ते सांगतो. सांगता सांगता मलेही समजलं तर बरं होईन.

जे लोक गाडीत बसतात पण कधी खाली वाकून पाहत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं. चाक रस्त्यावर उड्या मारते आणि वरच्या माणसाले वाटते आपण सोफ्यावर बसून आहो. मधात कोणीतरी मार खाते म्हणून हे होते. स्प्रिंग मार खाते. शॉकअप त्या स्प्रिंगले आवरते, नाही तर गाडी नाचतच राहीन. चाकाले धरून ठेवणारे लोखंडाचे हात असतात, त्यांच्या सांध्यात रबर असते. त्या रबराले बुश म्हणतात. आपल्या गुडघ्यात काहीतरी मऊ असते, ते झिजलं की जिना चढताना कटकट होते, तसंच हे. रबर शाबूत असते तोवर लोखंड गुपचूप राहते. रबर गेलं की लोखंड बोलाले लागते.

आता अडचण अशी की लोखंड जिथं दुखते तिथं बोलत नाही. समोरच्या डाव्या चाकात सांधा ढिला झाला तर आवाज सगळ्या बॉडीतून फिरून मागच्या सीटखाली निघते. गिऱ्हाईक शपथ घेऊन सांगते, मागचंच चाक आहे. त्याचं खोटं नसते. त्याले तिथूनच ऐकू येते.

दुसरी अडचण वजनाची. रिकाम्या गाडीत पुष्कळ आवाज येतच नाहीत. घरचे सगळे बसले की येतात. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवली, चाकं लोंबकळली, की सगळे सांधे ताणून बसतात आणि शहाण्या पोरासारखे वागतात. भार असला तरच गाडी खरं सांगते. म्हणून ऐकाले दोघं लागतात. एक चालवणारा, एक मागं बसणारा. माझ्या गाड्यांमध्ये मागं बसणारी शेवंता होती.

ती एकदा डबा घेऊन आली होती. एका टॅक्सीवाल्याची कटकट काही केल्या सापडत नव्हती. मी म्हटलं, जरा मागं बस.

"कावून?"

"वजन पाहिजे."

तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की मले वाटलं डबा परत घेऊन जाते. म्हणे, "मग गव्हाचं पोतं ठेवा ना."

"पोतं सांगते का आवाज कुठून आला ते?"

हे तिले पटलं. पदर खोचून बसली. तेव्हापासून कामच झालं तिचं. दुपारची भांडी झाली की गॅरेजवर यायची, जी गाडी अडली असन तिच्या मागच्या सीटवर बरोबर मधात बसायची, आणि आम्ही भिलाई-३ च्या रेल्वे फाटकाकडं निघायचो. सेक्टरमधले रस्ते गुळगुळीत. तिथं खराब गाडीही चांगली वाटते. फाटकाजवळचा रस्ता मात्र असा होता की गाडीच्या पोटातलं सगळं ओठावर येई. जाणारे-येणारे म्हणत, म्हातारा-म्हातारी रोज वेगवेगळ्या गाडीत फिराले निघतात, मजा आहे.

चालत्या गाडीत ओरडून बोलणं तिले आवडत नसे. ती मागून माझ्या खांद्याले बोट लावे. डाव्या खांद्याले लावलं तर आवाज डावीकडचा. उजव्याले लावलं तर उजवीकडचा. मानेखाली मधात लावलं तर मागच्या चाकांकडचा. हे आम्ही बसून ठरवलं नव्हतं, कधीतरी सुरू झालं. तिचं बोट लागलं की मी मनात म्हणे, बरोबर, मलेही तसंच वाटलं. आणि मले खरंच तसंच वाटे. माझा सगळा घोळ इथंच आहे.

तिले पार्टची नावं येत नव्हती. ती आपल्या भाषेत सांगे. "आज पाट्यावर वरवंटा आपटून राहिला." मग मी बुश पाहे. "पितळेच्या डब्यात सुपारी आहे." मग मी लिंक रॉड पाहे. लिंक रॉड म्हणजे बोटाएवढी दांडी, दोन्ही टोकाले गोळी बसवलेली. गाडी वळणावर कलू नये म्हणून दोन्ही चाकांच्या मधात आडवा दांडा असते, त्याले ही एकेका बाजूच्या चाकाशी बांधते. छोटीच वस्तू आहे, पण गोळी ढिली झाली की अख्ख्या गाडीत ठकठक करते.

गमती पुष्कळ झाल्या. इथल्या पोलादाच्या प्लांटात डोंगरे म्हणून टर्नर होता. आता ह्या गावची एक खोड सांगतो. इथं घरटी एक माणूस प्लांटातला, आणि प्रत्येकाले वाटते की सगळ्या दुखण्यावर लोखंड हाच इलाज आहे. डोंगऱ्यानं काय केलं, गाडीचे रबराचे बुश काढून फेकले आणि ओळखीच्या लेथवर गनमेटलचे बुश कातून बसवले. असं सुंदर काम केलेलं की मी दोन मिनिट पाहतच राहिलो.

म्हणे, "वासुदेवभाऊ, रबर काय कामाचं? फाटते. हे पाहा. माह्या नातवाचा नातू बी हेच वापरन."

मी म्हटलं, "मग आले कावून माझ्याकडं?"

"काही नाही, गाडी सुरू केली की चष्मा नाकावरून खाली उतरते."

शेवंता मागं बसली. पहिलाच गतिरोधक आला आणि तिनं खांद्याले बोट नाही, माझ्या टकलावर अख्खा पंजा ठेवला. "थांबवा! चारही बाजूनं येऊन राहिलं."

डोंगरे शेजारी बसून होता. म्हणे, "पण वहिनी, झिजणार नाही पाहा कधी."

"गाडी नाही झिजणार भाऊजी. तुम्ही झिजान."

रबराचे बुश बसवून घेतले त्यानं. पण आपले गनमेटलचे बुश पुसून घरी घेऊन गेला आणि शोकेसमध्ये मांडले. माझं म्हणणं असं की त्यांची जागा तीच होती.

आणखी एक नर्सबाई होत्या. त्यांच्या गाडीत वळणावर गडगड होई. सरळ रस्त्यावर काही नाही, वळलं की गडगड. मी बॉल जॉइंट पाह्यले, शॉकअपची वरची बैठक पाह्यली, पुढचं सगळं खोलून पाह्यलं. शेवंता मागं बसून डोळे मिटून ऐकत होती. फाटकावरून परत आलो तेव्हा म्हणे, "हा गाडीचा आवाज नाही. ह्याच्यात पाणी आहे."

मी म्हटलं, आवाजात पाणी कसं राहीन?

डिकीतली चटई काढली, स्टेपनीच्या खड्ड्यात लाल कपड्यात गुंडाळलेला नारळ. विश्वकर्मा पूजेचा. नर्सबाई एकदम पुढं झाल्या, "वो नहीं निकालना! सासूजी ने रखा है. साल भर रखते हैं." मग काय करणार? शेवंतानं जुन्या गोणपाटाची चुंबळ केली, डोक्यावर घागर ठेवाले बायका करतात तशी, आणि नारळ तिच्यात बसवून दिला. नर्सबाई हात जोडून गेल्या. सस्पेन्शनमध्ये नारळ दुरुस्त करणारा भिलाईत मी एकटाच असीन. मी म्हणतो खरं, पण केला तिनंच.

तर असं चालून होतं, आणि होळीच्या आधी ती गेली. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेलं, परत आणलं नाही. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

तेरवी झाली. मुलगी मंदा रायपूरहून आली होती ती परत गेली. मी गॅरेज उघडलं. घरात बसून काय करू? पहिले पहिले वाटलं, मन लागत नाही म्हणून काम चुकून राहिलं. पण एक विचित्र गोष्ट झाली. ज्या गाडीत बसावं तिचा आवाज उजवीकडूनच येई. टॅक्सीचा उजवीकडून, शाळेच्या व्हॅनचा उजवीकडून, प्लांटातल्या पोरांच्या जुन्या गाड्यांचा उजवीकडून. मी मनाशी कारण शोधलं की दुभाजकाच्या बाजूनं रस्ते खचले असतीन, म्हणून उजवी चाकं जाऊन राहिली. पानठेल्यावर चार लोकांले हे सांगतलंही. लोक हो म्हणाले. रस्त्याले शिव्या द्यायच्या असल्या की लोक लगेच हो म्हणतात.

घरीही तसंच. कुकर मीच लावलेला, शिट्टी झाली की मी अंगणाच्या दाराकडं पाहे, आणि स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूले. फोन वाजला की भलतीकडं शोधे. मले वाटे, बायको गेलेल्या माणसाचं असंच होत असन, घर फिरून जात असन. कोणाले विचारणार?

मग रहांगडाले आला.

हा उतईच्या शाळेत बाबू आहे, गोंदियाकडचा, साधा माणूस. त्याच्या बायकोचं, कुंदाबाईचं, कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं नागपूरले. पुन्हापुन्हा दाखवाले न्यावं लागे. स्टेशनचे जिने तिले चढता येत नाहीत, म्हणून आपल्या जुन्या गाडीनं नेई.

त्यानं सांगतलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणे, "भाऊ, धक्का ते सहन करते. पण समोरून ठक आला का तिचं अंग आखडते. मग पुढचा ठक येईन म्हणून आधीच आखडून बसते. डॉक्टर म्हणे, हे आखडणंच वाईट आहे, आतून ओढते. इथून नागपूरपर्यंत मूठ वळूनच राहते तिची. मागच्या बारीले घरी आली अन् म्हणे, आता मी जातच नाही. जे होईन ते होईन."

"गेली नाही तर?"

"तर पाय जाईन म्हणते डॉक्टर."

म्हणजे माझ्या हातात एक ठक होता आणि त्या ठकावर एका बाईचे पाय होते. मी म्हटलं, गाडी ठेव, काढतो.

फाटकाकडं घेऊन गेलो. एकटाच. हळू गाडीत, छोट्या खड्ड्यावर, ठक. उजवीकडून. अगदी साफ. आलो, जॅकवर चढवली, उजवा लिंक रॉड जरा ढिला होता, बदलला. जुन्या गाडीत जे खोलाल ते थोडं खराब निघतेच, हे मले कोणी सांगाले नको होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही. डाव्या बाजूले टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, लावून हलवून पाह्यलं, घट्ट होतं. काही मेकॅनिक दोन्ही बाजूचं बदलून मोकळे होतात. मी खराब तेवढंच काढतो, ह्याच्यावरच माझं नाव आहे.

रहांगडाले आला. "भाऊ, आहे अजून."

पुन्हा चालवली. पुन्हा उजवीकडून. उजवा लोअर आर्म, म्हणजे चाक धरणारा खालचा हात, काढला, बुश नवे टाकले. गाडी जमिनीवर उतरवून, चाकावर भार देऊन मगच नट कसले, नाही तर रबर पिळून बसते आणि लवकर फाटते. काम चोख केलं. काम चोख होतं हेच तर मले समजून नाही राहिलं होतं. काम चोख आणि आवाज तिथंच.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मागच्या सीटवर उशी लावून कुंदाबाई बसून होती. मी चिडलो. "बाईले कावून आणलं ह्या अवस्थेत?"

रहांगडाले म्हणे, "मी नाही आणलं. तेच बसली. म्हणे, मी स्वतःच सांगते."

काच खाली करून ती म्हणे, "दादा, डाव्या अंगानं येते."

"नाही बाई. उजवीकडचं आहे."

"मी बसून आहे ना इथं."

"मी हे काम तुमच्या लग्नाच्या आधीपासून करून राहिलो."

"मग माह्या लग्नाच्या आधी तुमाले बराबर ऐकू येत असन."

रहांगडाले तोंड फिरवून हसला. मी गाडीत बसलो. तो बाजूले, ती मागं. पहिल्या खड्ड्यावर ठक. मी म्हटलं, उजवीकडं. मागून ती म्हणे, डावीकडं. दुसऱ्या खड्ड्यावर पुन्हा तेच. रहांगडाले म्हणे, "मी मधात खाली उतरून पाहू काय?" तिसऱ्या खड्ड्यावर मी आरशात पाह्यलं तर ती रस्त्याकडं पाहत नव्हती, माझ्या डोक्याकडं पाहत होती.

गॅरेजवर आलो. दार धरून हळूहळू ती खाली उतरली. म्हणे, "दादा, बोनेटकडं तोंड करा. आता डोळे मिटा."

"कावून?"

"मिटा तर."

मिटले. मागून बांगड्या वाजल्या.

"कुठून आला आवाज? हात दाखवा."

मी उजवा हात वर केला. पुन्हा वाजल्या. पुन्हा उजवा. रहांगडाले हसाले लागला, "काय भाऊ, मजाक करून राहिले का?" आणि हसता हसता एकदम थांबला. मी डोळे उघडून मान वळवली. तिचा हात माझ्या डाव्या कानापाशी होता.

ती अंगणवाडीत सेविका आहे. म्हणे, "आमच्याकडं लेकरं येतात अशी. आवाज दिला तर पाहतात, पण भलतीकडंच पाहतात. एका कानानं येत नाही त्याले ऐकू सगळं येते, फक्त कुठून ते समजत नाही. तुमचं तसंच आहे, दादा."

"मले चांगलं ऐकू येते."

"येते ना. म्हणून तर ध्यानात आलं नाही."

मी तिथंच पडलेल्या टायरवर बसलो. पहिला विचार असा आला की ही बाई खोटं बोलून राहिली. दुसरा असा आला की हे आत्ता झालं, शेवंता गेल्यावर. आणि मग डाव्या खांद्याले आपोआप काहीतरी झालं, जसं कोणी बोट लावते. लावलं कोणीच नव्हतं. पण मले सगळं एकदम आठवलं. जेव्हा जेव्हा डावीकडचा आवाज सापडला, तेव्हा तेव्हा आधी बोट लागलं होतं. आधी बोट, मग मले तसं वाटे. असा एकही डावीकडचा आवाज मले आठवेना जो मी बोटाच्या आधी ऐकला.

रहांगडालेनं पाणी आणून दिलं. म्हणे, "भाऊ, राहू द्या. दुसरीकडं दाखवू."

कुंदाबाई म्हणे, "दुसरीकडं कशाले? हात तर चालतात ना त्यांचे? मी बसते मागं."

मग जॅक लावलाच नाही. गाडी जमिनीवर, ती मागच्या सीटवर, आणि रहांगडालेले म्हटलं, पुढचं मडगार्ड धरून हळूहळू दाब, सोड, दाब, सोड. मी आडवा होऊन डाव्या चाकामागं हात घातला आणि डावा लिंक रॉड मुठीत धरला. वर ती म्हणे, "आला." त्याच वेळी माझ्या बोटाले आत टिचकी लागली. पुन्हा ती म्हणे, "आला." पुन्हा टिचकी. जॅकवर ताणून घट्ट बसे आणि भाराखाली बोले, म्हणून टॉमीले सापडला नव्हता. कानानं नाही, बोटानं सापडला.

नवा टाकला. फाटकाकडं गेलो. पहिला खड्डा, काही नाही. दुसरा, काही नाही. रुळांवरून गाडी गेली. आरशात मी तिची मूठ पाहत होतो. आधी वळलेलीच होती. मग कधी उघडली ते मले दिसलं नाही, मी रस्ता पाहत होतो. परत पाह्यलं तर ती हात मांडीवर सोडून खिडकीबाहेर पाहून राहिली होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

मग कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं मशीन लावलं. म्हणे, डावा कान पुष्कळ वर्षांपासून गेलेला आहे. पुष्कळ म्हणजे किती, ते तो सांगू शकला नाही. हातोडीनं गेला असन, एखाद्या तापानं गेला असन. हळूहळू गेला म्हणून समजलं नसन. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्याच डोक्याले लागलेला कान, आणि मले समजत नाही? तो म्हणे, होते असं. माझ्या वयाच्या माणसाले आता सगळे हेच सांगतात, होते असं.

घरी येऊन मंदाले फोन केला. सांगतलं. ती म्हणे, "बाबा, तुमाले माहीत नव्हतं?"

"तुले माहीत होतं?"

"आम्हा सगळ्यांले माहीत होतं. आई म्हणे, बाबाशी बोलायचं तर उजव्या हातालेच बसत जा. जावयालेही सांगून ठेवलं होतं तिनं."

मले जेवणं आठवली. शेवंताचं ताट नेहमी माझ्या उजव्या बाजूले. एकदा तिनं खाट ओढून भिंतीले लावली होती, असं की मी डाव्या कुशीकडून भिंतीले टेकीन आणि ती उजवीकडं राहीन. मी भांडलो होतो की पंखा लागत नाही. ती म्हणे, राहू द्या, मले हवा बाधते. किती भांडलो मी त्या पंख्यावरून!

"मग मले कावून नाही सांगतलं तिनं?"

मंदा म्हणे, "मी विचारलं होतं. म्हणे, सांगतलं तर तुह्ये बाबा उद्याच गॅरेजले कुलूप लावतीन. चालून राहिलं ना, चालू दे."

मी फोन ठेवला. मले राग आला. खरं सांगतो, रडू नाही, राग. बायकोनं नवऱ्याले त्याचा कान गेला हे सांगू नये? इतकी वर्षं मी लोकांले छाती ठोकून सांगे की आवाज मी शोधतो. पाटीवर माझं नाव. पानठेल्यावर माझं नाव. मग त्यातलं माझं किती आणि तिचं किती? डोंगऱ्याची गाडी कोणी केली? नारळ तर तिचाच. टॅक्सीवाल्यांच्या गाड्या? आता बसून वेगळं काढू गेलं तर निघत नाही. आणि मले हेही माहीत नाही की तिले हे समजलं कधी. पहिल्यांदा बसली तेव्हाच समजलं, की नंतर? माझा कान गेला म्हणून ती बसू लागली, की ती बसू लागली म्हणून गेलेला कान मले समजला नाही? एक दिवस एक वाटते, दुसऱ्या दिवशी दुसरं. ज्याले विचारावं ते माणूसच नाही. मेलेल्या माणसावर रागावणं बरोबर आहे का, हेही मले कोणी सांगत नाही. मंदा म्हणे, बाबा, रायपूरले या. मी म्हटलं, थांब, आधी समजू दे.

गॅरेज बंद करायचं मनात होतं. आठवडाभर उघडलंही नाही. शेजारच्या पंक्चरवाल्यानं विचारलं, "क्या चाचा, तबियत?" मी म्हटलं, तबियत ठीक आहे, कान खराब आहे. तो म्हणे, "तो क्या हुआ, मेरा तो दिमाग खराब है, दुकान चल रही है."

मग नागपूरहून रहांगडालेचा फोन आला. मी फोन उजव्या कानाले लावला. आता पाहतो तर मी फोन नेहमी उजव्याच कानाले लावत होतो.

"पोचले?" मी विचारलं.

"पोचलो भाऊ. डॉक्टरले दाखवलं. पुढच्या बारीचं बी ठरवलं तिनंच."

"रस्त्यानं ठक आला का?"

"मले नाही आला."

"तुले नाही विचारून राहिलो. बाईले विचार."

तिकडं काही बोलणं झालं. मग रहांगडाले हसत म्हणे, "ते म्हणते, माहीत नाही. राजनांदगाव सोडलं अन् तिले झोप लागली. भंडाऱ्यापर्यंत उठलीच नाही. मीच जागं केलं चहाले."

मी फोन ठेवला, चाव्या घेतल्या आणि गॅरेज उघडलं. कावून उघडलं ते विचारू नका. शेवंताचं म्हणणं खरं झालं की खोटं, मी कुलूप लावलं की नाही लावलं, ह्याचा हिशेब माझ्यानं होत नाही. एवढंच की हाताले काम येते आणि कानाले अर्धं येते, हे आता मले माहीत आहे आणि तुम्हालेही सांगून टाकलं.

म्हणून वाचणाऱ्यांले एक सांगतो. गाडी आवाज करत असन तर घेऊन या, पण एकटे येऊ नका. एकट्याची गाडी मी घेत नाही. मागं बसाले कोणीतरी पाहिजे. आई असन, भाऊ असन, बायको असन. भांडून आले असान तरी चालते, तिले मागं मधात बसवा. ती डावीकडं म्हणन तर मी डावं चाक खोलीन, आणि तुम्हाले विचारणार नाही.